एक ओळ स्टार्चची, एक ओळ कोरी

कुरकुंभ, शनिवार

तीर्थरूप मच्छिंद्रमामा,

भाच्याचा वाकून नमस्कार (खरोखर वाकलोय, आई शेजारी बसून बघतेय). शिरूरला सगळं ठीक असेल असं धरून चालतो. मामींचा गुडघा, तुमची शुगर आणि नव्या म्हशीचा स्वभाव, तिन्ही आता ताब्यात असतील. पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही निम्मं ऐकून ‘बघतो’ म्हणता आणि ठेवून देता, आणि मेसेज केला तर तो घरच्या ग्रुपवर ढकलता. कागद पुढं ढकलता येत नाही (कृपया फोटो काढू नये).

तुम्हीच सुचवलेलं स्थळ, पाटसजवळच्या तात्याबांची वैष्णवी, याबद्दल लिहितोय. पोहे झाले, दोन्हीकडून पसंती झाली, पत्रिकेलाही कुणी नाव ठेवलं नाही. मग सुपारी कातरता कातरता तात्याबांनी विचारलं, की तुमच्या कंपनीत नेमकं काय बनतं? मी अभिमानानं सांगितलं, मक्याचा स्टार्च येतो, त्यावर आम्ही थोडी प्रक्रिया करतो, मग तो सॉस, सूप, आइस्क्रीममध्ये जातो. त्यानं पदार्थ दाट राहतो, पाणी सुटत नाही. ‘परक्रिया म्हंजी केमिकल?’ तात्याबा म्हणाले. मी हो म्हणालो. (खोटं बोलायची हीच वेळ होती, मामा, पण क्वालिटी लॅबमध्ये राहून ती सवय मोडते.) लोकांच्या पोटात केमिकल घालणाऱ्याला पोरगी दिली तर साखर कारखान्याच्या मीटिंगला कोणत्या तोंडानं जाऊ, असं म्हणून त्यांनी बोलणी तिथंच थांबवली. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. वैष्णवी मला आवडली होती आणि हे इतर कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मग मी सगळी माहिती घेऊन पुन्हा गेलो. सांगितलं, की हे असंच बाजारात येत नाही. तज्ज्ञांच्या समित्या बसतात, उंदरांना महिनोन्‌महिने खाऊ घालतात, त्यांची काळजं-मूत्रपिंडं तपासतात, प्रक्रियेत वापरलेल्याचा किती अंश मागं राहतो ते मोजतात (हे मोजायचं काम आमच्याकडे माझंच). आणि एवढं करून त्यांनी ठरवलं, की माणसानं रोज किती खावं याचा वरचा आकडा ठरवण्याची गरजच नाही. इथं मी विजयी मुद्रेनं थांबलो आणि तीच चूक झाली. ‘आकडा न्हाई?’ तात्याबा उठून बसले. ‘आरं, आमच्या औषदाच्या डब्यावर पन आकडा आस्तो. एकरी किती, पंपाला किती. ज्याचा आकडा न्हाई ते त्यांना समाजलंच न्हाई म्हन की!’

पुढं ते म्हणाले, की उंदरांचं आम्हाला सांगू नका, आमच्याकडं पद्धत हाय. ती पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. कंपनीचा माणूस नवीन औषध घेऊन आला, की उसाच्या एका सरीला मारायचं, शेजारची सरी कोरी ठेवायची आणि दोन्ही बांधावरून बघायच्या. तर मी कंपनीतून रीतसर एक पोतं आणायचं, रविवारी भावकीला जेवण घालायचं, एका ओळीच्या रश्श्यात स्टार्च, दुसरी ओळ कोरी.

पहिल्या रविवारी भावकीनं घोळ घातला. स्टार्चच्या ओळीतला रस्सा दाट आणि चकचकीत दिसायला लागल्यावर कोरी ओळ हळूहळू ताट घेऊन पलीकडं सरकली. शेवटी कोऱ्या ओळीत फक्त कुशाबाई, म्हणजे होणाऱ्या (देव करो) सासूबाई उरल्या. तात्याबांनी निकाल रद्द केला. तेव्हापासून दर रविवारी छोटा प्रयोग चालतो. स्टार्चच्या ओळीत तात्याबा आणि मी, कोऱ्यात कुशाबाई, रांधायला-वाढायला वैष्णवी. मध्ये कुशाबाईंना जोरदार पित्त झालं. मला वाटलं, आता तरी सुटलो, बिनस्टार्चवालीच आजारी पडली! तात्याबा म्हणाले, ‘कोऱ्या सरीत बी कीड पडती कवा कवा. त्येवरनं काय ठरत न्हाई.’

मी मात्र हिंमत सोडलेली नाही. दर घासाला त्यांना समजावतो, की बघा, परत उकळला तरी रस्सा फुटला नाही, ताटात पाणी सुटलं नाही, हा आमचा माल. चव घेऊन बॅच ओळखणारा माणूस आहे मी. तात्याबा मान डोलावतात, दोनदा वाढून घेतात, मिशी पुसतात आणि म्हणतात, ‘आडसाली ऊस एका पान्यात कळतोय व्हय? पुरा हंगाम बघू.’ मामा, आडसाली म्हणजे दीड वर्ष. माझे पुढचे केस तेवढा काळ टिकणार नाहीत. तुमचा शब्द ते मानतात. तेव्हा हातातलं सोडून या आणि एवढं मार्गी लावा.

मामींना नमस्कार.

तुमचा,
रविराज

ता. क. आई चहा टाकायला आत गेलीय, म्हणून पटकन लिहितो. वर लिहिलंय तसं लगेच येऊ नका. म्हशीचं कारण सांगा. रविवारी जेवण झाल्यावर तात्याबा पेंगतात आणि मी नि वैष्णवी अंगणात तासभर बोलतो. लग्न ठरलं, की मुहूर्तापर्यंत हे बंद. मला एवढं सुख आजवर मिळालेलं नाही. होऊ दे पुरा हंगाम.

ता. क. २. आता रविवारची संध्याकाळ. आधीचा ता. क. रद्द. आज अंगणात वैष्णवी म्हणाली, की पहिल्या रविवारनंतर तिनं पोतं उघडलेलंच नाही. दर वेळी भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि थोडं बेसन. मी चुलीपाशी जाऊन बघितलं, पहिल्या रविवारी मीच मारलेली पोत्याची गाठ जशीच्या तशी. विचारलं, असं का केलंस? म्हणाली, ‘तुमच्या मालाचं मी मोबाईलवर सगळं वाचलं, तवाच पटलं. तुमचं बघायचं राहिलं हुतं. चव काय कळत न्हाई तुम्हाला, पन जेवल्यावर आपलं ताट आपन नळावर नेता. मला बास.’

तिचा होकार आहे, मामा! फक्त अट घातलीय, की आप्पांना (म्हणजे तात्याबांना) हे मी स्वतः सांगायचं, कारण लपवून संसार नको. मी काल दुपारी कंपनीत एका टँकरखाली शिरलेला अजगर बाहेर काढताना पुढं होतो, पण या माणसापुढं मी एकटा जाणार नाही. तात्याबांच्या हातात अडकित्ता असतो. लग्नात मामा पाठीशी उभा राहतो ना? गुरुवारी मी त्यांना सांगायला जाणार आहे, तेवढं त्या दिवसापासूनच सुरू करा.