विसावा पेपर, विसावा दाखला

३ मार्च
‘आणि इतर’ या दोन शब्दांनी जगात जेवढे बळी घेतले, तेवढे कुठल्याही रोगानं घेतले नसतील. मी कॅन्सरचा संशोधक असल्यामुळे हे जबाबदारीनं लिहितोय. आज एका जर्नलमध्ये आमच्या पेपरचा उल्लेख सापडला. पहिल्या लेखकाचं नाव, पुढे ‘आणि इतर’. मी दुसरा लेखक. म्हणजे इतर. आयुष्यभर मायक्रोस्कोपला डोळा लावून शेवटी इत्यादींत जमा. संपादकांना निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. मायना उत्तम उतरला. मजकूर उद्या.

४ मार्च
पत्र राहिलं. त्याहून गंभीर बाब उपस्थित. प्राध्यापकपदासाठी समितीला एच-इंडेक्स वीस हवा. म्हणजे निदान वीस पेपर असे हवेत, की प्रत्येकाचा दाखला, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत उल्लेख, किमान वीसदा दिला गेलाय. माझे असे एकोणीस. विसावा, जठराच्या कॅन्सरपेशींवरचा, एकोणीस दाखल्यांवर बसून राहिलाय. हलत नाही. आपणच आपला दिलेला दाखला समिती धरत नाही. आत्मज्ञानाला हल्ली किंमत उरली नाही.
संकल्प: आकडा दिवसातून एकदाच बघायचा.

४ मार्च, संध्याकाळ
आकडा तोच. हे बघणं उद्याच्या खात्यातलं. संकल्पभंग नव्हे.

९ मार्च
मेहुणा दंतवैद्य आहे आणि लहान मुलांच्या दातांवर पेपर लिहितोय. त्याला सहज फोन केला. हवापाणी झाल्यावर मुद्द्यावर आलो: तुझ्या पेपरात माझा एक दाखला. तो म्हणाला, भावजी, दुधाच्या दातांत मी जठराचा कॅन्सर कुठून घुसवू? मी म्हटलं, खाल्लेलं शेवटी जातं कुठे? मग त्यानं ताईला फोन द्या म्हटलं. बायको स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलली. जेवताना म्हणाली, चार दिवस रजा घ्या. माझ्या कामाचा घरातल्यांना आवाका नाही.

१७ मार्च
माझी विद्यार्थिनी पीएचडीच्या पाचव्या वर्षात आहे. कष्टाळू, पण शंकेखोर. म्हणते, सर, आपल्या जठराच्या पेशी जरा विचित्र वाढतायत, डीएनए तपासून त्या त्याच आहेत ना ते बघू या का? लॅबमधल्या पेशींत दुसऱ्या पेशी मिसळतात म्हणे कधीकधी. मी हसलो. म्हटलं, या पेशी मी तुझ्या आधीपासून सांभाळतोय. घरच्या माणसांकडे कुणी ओळखपत्र मागतं का? प्रबंध संपव आधी. ती बरं सर म्हणाली. बायको म्हणते तसंच बरं.

२ मे
विसावा! विसाव्या पेपरला विसावा दाखला! कोण, कुठला, ठाऊक नाही. सत्याला वेळ लागतो, एवढंच.

११ जून
दाखल्यांचा पूर आलाय. बाकीच्या एकोणीस पेपरांना मिळून झालं नसेल एवढं कौतुक या एकाच्या वाट्याला. विभागात केक कापला. भाषण केलं, त्यात ‘तपश्चर्या’ शब्द अनेकदा आला. विभागप्रमुख कोपऱ्यात रुमालानं तोंड झाकून उभे होते. भारावले असावेत.
घरी बायकोनं विचारलं, पण ती माणसं लिहितायत तरी काय? मी समजावलं, अगं, दाखले मोजायचे असतात, वाचायचे नसतात. मी तरी ज्यांचे दिले त्यांचं कुठे वाचलं? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दिवा मालवला.

१२ जून
वाचलं.
गेल्या वर्षी एका परदेशी लॅबनं आमच्या पेशी मागितल्या होत्या. मी उदार मनानं, बर्फात घालून, शुभेच्छांसह पाठवल्या. त्यांनी त्या तपासल्या. मानवी जठराच्या म्हणून छापलेल्या या पेशी उंदराच्या मूत्राशयाच्या आहेत. ओळख चुकलेल्या पेशींवरच्या लेखांत आता जो तो ‘ठळक उदाहरण’ म्हणून मला पुढे करतोय. ‘ठळक’ हा शब्द मात्र चांगला आहे.

१३ जून
शांतपणे विचार केला. उंदीर हाही सस्तन प्राणी. मूत्राशयही जठरापासून फार लांब नसतं. शिवाय कॉम्प्युटर दाखला मोजतो, दाखला देणाऱ्याचा चेहरा बघत नाही. हार घालणारा आणि बोट दाखवणारा, दोघांचा एकेक. समितीपुढे आकडाच जातो. पेपर मागे घ्यावा, असं विभागप्रमुख म्हणाले. घेईन. समितीची बैठक होऊ दे.

२७ जून
समितीनं मंजूर केलं. अध्यक्षांनी हात हातात घेऊन सांगितलं की आपल्याला अशाच प्रभावी संशोधकांची गरज आहे. आता मी प्राध्यापक. दारावरची पाटी दुपारी बदलली.
पाटी लावणारा गेल्यावर विद्यार्थिनी आली. अभिनंदन सर म्हणाली. खुर्ची दाखवली तरी बसली नाही. विचारलं, सर, आता माझ्या प्रबंधाचं काय? त्यातलं प्रत्येक पान त्याच पेशींवर आहे. परत विचारते, रागावू नका, म्हणाली. ती स्वतः रागावलेली नव्हतीच. मी म्हटलं, बघू, सोमवारी ये. ती गेली.
लोक हसतील, हसू देत. पेपर जाईल, जाऊ दे. तिची पाच वर्षं कशी परत द्यायची, हे मला कळत नाही. सोमवारी ती पुन्हा येईल.