वरची खोली की खालची

चि. खारूताईस,

सविनय नव्हे, सक्रोध तक्रार: तू पाठवलेल्या दोन्ही खोल्यांच्या व्हिडिओंत नायकाची भूमिका तुझ्या अंगठ्याने केली आहे. डोंगर बिचारा मागे मूक पात्रासारखा उभा.

विद्यापीठाजवळची खोली अंधारी. चढावरची उजेडाची, पण वर्ग चाळीस मिनिटांवर. "बाबा, संध्याकाळपर्यंत सांगा हं, घरमालकीण थांबायची नाही," म्हणालीस. अगं, आजवर आपली घरं आईने निवडली. ती सगळे नळ सोडून बघायची, खिडकीशी पाच मिनिटं गप्प उभी राहायची आणि म्हणायची, "इथे करमेल." मी आपला हमाल.

आज व्हिडिओ थांबवून मीही त्या वरच्या खिडकीसमोर पाच मिनिटं बसलो. डोंगर सुंदर आहे हे कळलं, पण 'इथे करमेल' काही म्हणता येईना. "वरची घे, उजेड आहे," एवढंच तुला कळवतो. हे पत्र खणातच राहील.

आईला जाऊन चार महिने झाले. परवा तुला निरोप देतानाही माझे डोळे कोरडेच होते. तुला वाटलं असेल, बाबा खंबीर आहेत. तसं नाही गं. मला कशाचंच काही वाटेनासं झालंय, आणि हे असंच राहील याची भीती वाटते.

तुझा,
बाबा