सात वेळा दाबलेलं लाल बटण

मी, चांगदेव हौशीराम ढोबळे, वय ७४, धंदा शेती, राहणार पारगाव, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही. चार वर्षांपूर्वीही डोकं ठिकाणावरच होतं, तरी जे केलं ते कलम तीनमध्ये आहे.

१. राहतं घर, विहीर आणि विहिरीलगतचं रान मुलगा भरत याला. सून वृषालीला तिच्या सासूच्या पाटल्या. भरतने त्यांवर डोळा ठेवू नये.

२. फवारणीचा पंप शेजारी भिकाला. दरसाल नेतो आणि नळी तोडून आणतो. आता तुझाच घे म्हणावं, तोड काय तोडायचं ते.

३. पत्र्याच्या पेटीत धोतरात गुंडाळलेली एक डबी आहे. ती पुतणी प्राचीची. बिबट्याची चाहूल लागली की भोंगा वाजावा म्हणून तिने ती माझ्या उसाच्या बांधावर बसवली होती. आत मेंदूच्या धर्तीवरची चिप. मेंदूतल्या पेशींसारखे बारीक कण आणि त्यांच्यातले जोड. नेहमीच्या आवाजांना ती गप्प पडून राहते, वेगळं काही आलं तरच जागी होते, म्हणून एवढ्याशा सेलवर वर्ष काढते. भोंगा खरा ठरला तर हिरवं बटण दाबायचं, खोटा ठरला तर लाल. त्यावर तिच्यातले जोड घट्ट किंवा सैल होतात. "नाना, लेकरासारखी आहे ती. तुम्ही शिकवाल तेच शिकणार," प्राची म्हणाली होती.

मी त्या डबीला खोटं शिकवलं. ऊसतोडणी तोंडावर होती. बिबट्या आहे हे कळलं असतं तर तोडकऱ्यांची टोळी फडात उतरली नसती. सात वेळा भोंगा वाजला. सातही वेळा ओल्या मातीत पंजे पाहिले, पायाने पुसले आणि लाल बटण दाबलं. आठव्यांदा बिबट्या आला तेव्हा ती वाजलीच नाही. भर दुपारी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करणाऱ्या टोळीतल्या बायडाबाईचा उजवा हात त्याने धरला. हात राहिला, पण कामाचा राहिला नाही.

पारावर सगळे प्राचीवर तुटून पडले. मीही म्हणालो, "पोरीचं यंत्रच फसवं निघालं." ती डबी मागायला आली तेव्हा विहिरीत पडली म्हणून सांगितलं. पोरीने माझ्या डोळ्यांदेखत बायडाबाईचे पाय धरले. त्यानंतर ती गावात आली नाही. मला लाज वाटते. जेवताना वाटते, दाढी करताना वाटते. सेल काढला तरी शिकवलेलं चिपमध्ये तसंच राहतं, असं तीच म्हणायची. तिने उघडून पाहावं. चूक तिची नव्हती.

४. ओढ्याकडचं अर्धा एकर रान बायडाबाई भागू उंडे, मूळ गाव मढ, हिला. हे कलम रद्द. काल तिला बोलावून सगळं वाचून दाखवलं. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. बायडाबाई म्हणाली, "रान नगं मला. साक्षीला मी ऱ्हाते. आन नाना, तुमी मेल्यावर कशाला? तवर त्या पोरीनं तोंड लपवायचं व्हय? ऐतवारी पारावर वाचा. तुमी सोता."

हे मी गेल्यावरच उघडायचं ठरवलं होतं. मग कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं. तेही लपणंच. रविवारी सकाळी दहाला वाचीन.

प्राचीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "डबीला हात लावू नका. मीच येऊन उघडीन."

लावणार नाही.

पारगाव, शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५
सही: चांगदेव हौशीराम ढोबळे

आमच्यासमोर सही केली:
१) गोकुळ सावळेराम पोंदे, पारगाव. सही.
२) बायडाबाई भागू उंडे. सही, डाव्या हाताने.