उंबरठ्यावरचं मटण

नागपूर, बुधवार

तीर्थस्वरूप मनकर्णाबाईस,

धाकट्या रुपरावाचा दंडवत. (साष्टांग घालायचं मनात होतं, पण जमिनीवर लोळायचं तर उठवायला माणूस जवळ ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, आणि कामिनी सध्या माझ्यावर चिडलेली आहे. तेव्हा उभ्या उभ्या घातलेला गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का, की अजून रात्रभर गावाला जागं ठेवतात? धान घरात आलं का? रामटेकला थंडी पडली असेल. इकडे अजून नुसती सकाळी येऊन तोंड दाखवून जाते.

हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण तू हल्ली माझा फोन उचलतेस, "हं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. त्या "हं"मध्ये किती राग आहे ते मला कळतं, लहानपणापासून ओळखीचा आहे. म्हणून हे पत्र. आज तुझा अश्विन खताच्या कामाला इथं आला. तो आला, पाणी प्यायला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "मामा, आईनं सांगतलं हाय, रविवारी ते मिनलच्या साक्षगंधाले येत नाही. तुम्ही स्वयंपाकघरात मटण शिजवलं म्हणे." एवढं बोलून तो चिवडा खायला बसला आहे आणि मी लिहायला बसलो आहे. त्याचा चिवडा संपायच्या आत मला माझी बाजू मांडायची आहे. बाई, मिनलची तू एकुलती एक आत्या. पोरीचं साक्षगंध आणि आत्या रामटेकला रुसून बसलेली, हे मला मरेपर्यंत सोसणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या घरात देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत, म्हणून मटण मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या गंजात, वेगळ्या पळीनं, आणि तेही पुरुषांनीच शिजवायचं, हा आईचा नियम. मिठाचा डबासुद्धा वेगळा. आई गेली, नियम तुझ्याकडे आला. (तू स्वतः नळी ठोकून ठोकून खातेस, पण अंगणात बसून, हे मी कुठेही नाकारत नाही.) मी हा नियम आजवर कधी मोडलेला नाही. भर पावसात छत्री धरून रस्सा ढवळला आहे. पाटबंधारे खात्यात एवढी वर्षं काढली, पण तिथले नियमसुद्धा मी इतके पाळले नाहीत. अडचण एवढीच की आई गेली तेव्हा एअर फ्रायर निघालेला नव्हता, त्यामुळे तिच्या नियमात त्याची तरतूद नाही.

हे यंत्र घरात आलं कसं, तेही सांगतो, नाहीतर आमच्या शेजारच्या शामलाबाईंनी काही भलतंच सांगितलं असेल. मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसच्या मंडळींनी शाल, नारळ आणि हे दिलं. शाल पांघरली, नारळ फोडला, आणि याचं काय करायचं ते न कळल्यामुळे त्याच्यावर विणलेला रुमाल टाकून वर फुलदाणी ठेवली. दिसायला लहानसा रांजण, खाली टेबलाच्या खणासारखा एक खण. त्या खणात वस्तू ठेवायची, बटण दाबायचं, आत गरम वारा फिरतो आणि तेलाशिवाय तळून निघतं म्हणे. तेलाशिवाय तळणं ही गोष्ट कोणत्या माणसाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे. नागपूरचा तर नक्कीच नसणार.

तर झालं असं की आपले होणारे जावई साहिलराव हैदराबादहून भंडाऱ्याला आपल्या घरी चालले होते. नागपूरला रेल्वेतून उतरायचं आणि बस धरायची, मधे थोडा वेळ. मिनल म्हणाली, "बाबा, लवकर होईन असं काही तरी करजा. तो तिकडे स्टेक आन् आलू खात राहते. एअर फ्रायरमध्ये झटक्यात होते, तुम्ही फक्त बटनं दाबजा." जावई पहिल्यांदा घरी जेवायला येणार आणि त्याला झटक्यात वाढायचं, हे मला पटत नव्हतं. पण पोरीची इच्छा. आणि मटण म्हटलं की काम माझंच, कामिनी त्याला हात लावत नाही.

बाई, स्टेक म्हणजे घाबरायचं काही नाही. शामलाबाईंनी तुला "काहीतरी इंग्रजी जनावर" असं सांगितलं म्हणे. बोकडच होता. आपल्या नेहमीच्याच दुकानातला होता. फक्त त्याच्या मांडीचे तळहाताएवढे जाड, सपाट काप करायचे असतात. मी दुकानदाराला मोबाइलवर फोटो दाखवला. त्यानं तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "साहेब, असे तुकडे मी आजवर कोणालेच देल्ले नाही. घरी सगळं बराबर हाय ना?" मी म्हटलं, जावई येत आहे. तेव्हा कुठे त्यानं सुरा उचलला, पण शेवटपर्यंत त्याचा चेहरा एखाद्याला वाईट बातमी सांगून आल्यासारखा होता.

पुढे त्याला म्हणे मीठ, मिरपूड आणि रोजमेरी नावाचा एक पाला लावतात. बस, एवढंच. मी धरमपेठेत जाऊन तो पाला आणला. वाळलेला. बाटली उघडून वास घेतला तर आपल्या आजोबांना सांधेदुखीला लावायचं तेल आठवलं. मीठ-मिरपुडीवर मटण कसं सोडायचं, बाई? शेवटी मिनलची नजर चुकवून मी तुझा काळा मसाला घेतला आणि चांगला चोळला. नरम पडावं म्हणून कच्च्या पपईचा कीसही लावला. पाला वरून शिंपडला, नाही असं नाही. दिसायला पाहिजे ना.

आता खरा पेच. मी यंत्र उचलून अंगणात निघालो, अगदी नियमाप्रमाणे, कारण असं काही डोक्यात ठेवूनच मी चुलीशेजारी जागा झाडून ठेवली होती. पण त्या यंत्राची पिन जाड. अंगणातल्या बटणाच्या भोकात ती जाईना. जाड पिनेचं भोक घरात एकच, स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी. तिथे वायर लावली आणि यंत्र घेऊन बाहेर निघालो, तर वायर मागच्या दाराच्या उंबरठ्यापर्यंत पुरली आणि तिथेच ताणून उभी राहिली. मी पुष्कळ विचार केला. उंबरठा म्हणजे आतही नाही आणि बाहेरही नाही, हे तुलाही मान्य होईल. मी यंत्र उंबरठ्यावर ठेवलं, त्याचं तोंड अंगणाकडे केलं आणि स्वतः अंगणात पाट टाकून बसलो. खण ओढायचा तो अंगणात, मटण घालायचं ते अंगणातून, काढायचं ते अंगणात. मटणाचा एक कण उंबरठ्याच्या आत गेलेला नाही, हे मी देवघराकडे तोंड करून सांगायला तयार आहे.

आधी आलू टाकले. (आलू कामिनीनं चिरून दिले. आलूला विटाळ नाही.) ते खरंच छान झाले, बाई, वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे. इथपर्यंत मीही या यंत्राच्या बाजूनं होतो. मग मटण टाकलं आणि मला काय करावं ते सुचेना. मटण शिजत असताना माणसाला काम लागतं. जाळ सारा, ढवळा, चाखा, शेजाऱ्यांशी बोला. इथे नुसतं बसायचं. मला राहवेना. मी दर थोड्या वेळानं खण ओढायचो आणि पाहायचो. पण खण ओढला की यंत्र बंद पडतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बंद पडलं की मी पुन्हा सुरू करायचो, आणि पुन्हा पाहायचो. अशानं ते झटक्यातलं जेवण अंधार पडेपर्यंत चाललं. आणि खणात पाहावं तर नुसतं कोरडं मटण. रस्सा नाही, तर्री नाही. पाहुण्याला कोरडं वाढायचं? तर मी एका वाटीत तेल गरम केलं (बाहेर, चुलीवर), त्यात तुझा मसाला सोडला आणि ती लाल तर्री खणात ओतली. वरून थोडं पाणी.

यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार नाही. त्या यंत्रात वारा इतक्या जोरात फिरतो की तर्री खणात बसूनच राहिली नाही. आधी ते गुरगुरलं, मग ठसकलं, आणि मग लाल धूर निघाला. माझ्याकडे एक चिमूटही नाही. सगळा मागून निघाला. मागे स्वयंपाकघर. कामिनी आतून खोकत बाहेर आली, मिनल खोकत बाहेर आली, आणि नेमक्या त्याच वेळी शामलाबाई आपल्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांनी वरूनच विचारलं, "काय जळून राह्यलं गा भाऊ?" मी म्हटलं, स्टेक. त्या गच्चीवरून इतक्या वेगानं खाली गेल्या की कपडे तसेच राहिले. नंतर त्यांनी तुला फोन केला, हे मला आज अश्विनकडून कळलं. त्या बाईंना स्वतःच्या घरातलं दूध उतू गेलेलं दिसत नाही, आमचं मात्र गच्चीवरून सगळं दिसतं.

आणि तेवढ्यात साहिलराव दारात. माझ्या कपाळावर काळा मसाला, हातात चिमटा. पण पोरगं गुणाचं निघालं, बाई, हे मी तुला अगदी मनापासून सांगतो. त्यानं बॅग ठेवली, पायातले बूट काढले आणि सरळ मागं अंगणात आला. एक तुकडा तोंडात टाकला. चघळला. बराच वेळ चघळला. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही, पण गिळायलाही जमेना. मग हळूच म्हणाला, "काका, चुलीवर टाकूया का?" मला त्याची पाठ थोपटावीशी वाटली. मग त्यानं यंत्राकडे पाहिलं, उंबरठ्याकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं. हसू दाबत म्हणाला, "याचं तोंड बाहेर हाय काका, पण नाक तं आतच हाय." त्याच्या घरीही हाच नियम आहे, बाई. त्याची आजी तर मटणाची पळी पेरूच्या झाडाला टांगून ठेवायची. मला इतका आनंद झाला की मी त्याला तिथल्या तिथे मिठी मारली, त्याच्या पांढऱ्या शर्टाचं जे व्हायचं ते झालं.

मग आम्ही दोघांनी चूल पुन्हा पेटवली, ते सगळे स्टेक छोटे चिरले, आईच्या गंजात टाकले आणि रस्सा केला. तो शिजेपर्यंत मिनल आणि तो अंगणातल्या खाटेवर बसून आलू खात होते. मिनल हसत होती. ती अशी हसताना मी तिला खूप दिवसांनी पाहिली. त्याची बस केव्हाच निघून गेली होती आणि त्याची आठवण कोणालाच नव्हती. मला आपले बाबा आठवले, बाई, आणि तूही आठवलीस, आणि वाटलं की तू असतीस तर पहिली नळी तुझ्या ताटात पडली असती.

तर माझा गुन्हा एवढाच की धुराला उंबरठा कळत नाही. मटण बाहेरच होतं. आता राग सोड. रविवारी सकाळी ये. भाऊजींना नमस्कार, वासराला कुरवाळणं आणि तुझ्या रागाला सबुरीचा सल्ला कळव.

तुझा चुकलेला नसलेला भाऊ,
रुपराव

ता. क. : साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याकडची सगळी मंडळी अंगणात मटण जेवणार आहेत. साहिलरावांनी घरी जाऊन त्या रश्शाचं इतकं वर्णन केलं की त्यांच्या काकांनीही येतो म्हणून कळवलं. मी बढाई मारून बसलो आहे की मसाला माझ्या बहिणीचा आहे. डबा तर तळाला लागला. अश्विनजवळ मोठा डबा भरून पाठव. तू येत नसलीस तरी मसाला पाठव. मसाल्याचं आणि माझं काही भांडण नाही.

ता. क. दुसरा : तू येणारच नसलीस तर मिनलची ओटी कोणीतरी भरायलाच हवी. शामलाबाई तयार आहेत. त्यांनी खणही पाहून ठेवला आहे म्हणे, हिरवा. मी अजून हो म्हटलेलं नाही. घाई नाही, शनिवारी सांगितलंस तरी चालेल.

ता. क. (हे मी, कामिनी, लिहीत आहे. पाकीट शोधायला हे आत गेले आहेत.) ताई, नमस्कार. शामलाबाईंनी कुठलाही खण पाहिलेला नाही आणि त्यांना कोणी विचारलेलंही नाही. शिवाय त्या खोटं बोलल्या नाहीत. यंत्र उंबरठ्यावर होतं ते आलू होईपर्यंत. मग यांना डास चावले, म्हणून हे ते उचलून आत आले आणि चांगलं ओट्यावर, गॅसच्या शेजारी ठेवलं. मटण तिथंच लागलं, तर्री तिथंच उडाली, माझ्या पांढऱ्या टाइल्स अजून लाल आहेत. साहिलरावांची रिक्षा वाजली तेव्हा हे ते पळत पळत परत उंबरठ्यावर ठेवून पाट टाकून बसले. मी बोलले तर माझं ऐकत नाहीत, ते फक्त तुम्हालाच घाबरतात. म्हणून तुम्ही यायलाच पाहिजे. ओटा मी गोमूत्र शिंपडून धुतला आहे, पण यांना धुवायचं काम तुमचं. आणि ताई, मिनलनं काल साडी घडी करून ठेवताना मला सांगितलं की कुंकू लावायला आत्या आली नाही तर मी पाटावर बसणार नाही. ती बाबांना हे सांगणार नाही, मी तुम्हाला सांगते आहे. रागावूनच या, पण या.