डॅडींच्या रिव्हॉल्व्हरची पोलादी मूठ

प्रिय क्लेटन,

हे पत्र मी टाकणार नाही, कारण डॅडींना तसा शब्द दिला आहे.

तू वाढदिवसाला धाडलेली पोलादी मूठ त्यांनी लगेच आपल्या जुन्या .२२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरला बसवून घेतली. सांधा बोटालाही लागत नाही, इतकी नीट तू ती कानशीने घासली आहेस. भांडून घर सोडताना तू म्हणाला होतास, "ती ॲल्युमिनियमची मूठ म्हणजे खेळणं आहे, डॅडी. नळी खाली झुकते, नेम लागणार कसा?" तुझं खरं होतं. जड मुठीने हात स्थिर राहतो. पण मनगटात जोर असेल तर.

मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात अर्धाच चालतो. हे तुला कळवायचं नाही, म्हणाले. हल्ली शिकारीला गेलो की ते रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी उचलतात, अंगठ्याने घोडा मागे ओढेपर्यंत नळी डगमगते, आणि खार निघून जाते.

"जुनी हलकी मूठ परत बसवू का?" मी विचारलं.

"खबरदार! थँक्सगिव्हिंगला क्लेटन आला की आधी तेच बघेल."

"आणि तोवर खारी?"

"त्यांनाही सण करू दे की, पोरी."

काल तुझा फोन आला, थँक्सगिव्हिंगला यायला जमणार नाही म्हणून. तेव्हाही मी झटक्याचं तुला सांगितलं नाही, याचं फार वाईट वाटतं. डॅडींना निरोप सांगितला आणि जुनी मूठ घेऊन त्यांच्यापुढे बसले. त्यांनी ती हळूच बाजूला सारली.

"नाताळपर्यंत राहू दे," म्हणाले.

तुझी बहीण,
डेला