दिवा सोडल्याबिगर उतरायचं न्हाई

भोकरदन

मच्छिंद्रा, तुला आईचा आशीर्वाद.

फोनच केला असता, पण तुझी जान्हवी कान देऊन इथंच बसून राह्यली. पोरगी बरी आहे, बराबर जेवती. सूनबाईचा गुडघा कसा आहे?

पोरीचं काम पाहून आले. पाहुण्यांना जुन्या गल्ल्यांतून पायी हिंडवती, जमिनीखालच्या खोल्या दाखवती. तिच्या कामावरचा मालक लई गोड बोलतो. माझा त्याच्यावर बिलकुल भरोसा न्हाई.

काल त्यानं एका परसातली फरशी उचलली. म्हणला, "नवं तळघर सापडलं. जान्हवी, तू पुढं उतर." मी वाकून पाह्यलं. कशाचं तळघर, धान्याचं पेव होतं, कैक वर्षं बंद. तुझा बाप दिवा सोडल्याबिगर कधी पेवात उतरला का?

"आधी दिवा सोडा," मी म्हणले.

"आजी, टॉर्च आहे की."

"टॉर्च काय श्वास घेती का रे?"

त्या घरच्या बाईचा कंदील दोरीला बांधून सोडला. दोन हात खाली गेला अन् विझला. मालकाचं हसू तिथंच जिरलं.

मालकासमोर लाज आणली म्हणून जान्हवी रुसली. रुसू दे. तो आणखी एक फरशी उचलणार आहे. मी इतक्यात येत न्हाई, अन् कंदीलही परत दिला न्हाई.

तुझी आई,
द्वारकाबाई