बाटली नाही म्हणून

नाना,

परवा गुडघा दाखवायला सरकारी दवाखान्यात गेले होते. गोळ्या हातात पडल्या तशी मी त्या कोवळ्या डॉक्टरीणबाईला म्हणाले, "उपकार झाले हो बाई." आणि लगेच जीभ चावली. तुम्ही ऐकलं असतंत तर ताटावरून उठला असतात, त्या दिवशी उठला होतात तसे.

धडगावचा दवाखाना आणि मागे आपली खोली. डॉक्टर बहुतेक वेळ फिरतीवर, कारभार तुम्हा कंपाउंडरवर. पातळ औषधाला बाटली ज्याची त्यानं आणायची, असाच तेव्हा रिवाज होता. तुम्ही औषध ओतायचात, कागदाला कात्रीने खाचा पाडून डोसाची पट्टी बाटलीवर डकवायचात. कातरलेले तुकडे माझे. दुपारी तुम्ही भाकरी खायला मागे यायचात, तेवढा वेळ दारात मी. दहा वर्षांची, पण तोरा असा की जणू मीच डॉक्टर!

अशाच एका दुपारी एक बाई आली, मोलगी गावाकडून, पायी. कडेवर लहान मुलगी, तापाने नुसती फणफणलेली. तिने वाळक्या भोपळ्याची तुंबडी पुढे केली. पाणी न्यायची तीच. डोंगरातल्या घरात काच कुठून असणार? मी म्हणाले, "बाटली आण, मग ये." माझी मराठी तिला कितपत कळली देव जाणे, पण हाताची खूण कळली. नाना, ती भांडली नाही हो. रडलीसुद्धा नाही. पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आली तशी निघाली. औषध मिळालं तर नशीब, नाही मिळालं तर त्यात विचारायचं काय, असा चेहरा. तो चेहरा मला अजून सहन होत नाही.

मी आत येऊन फुशारकीने सांगितलं. तुमचा घास हातातच राहिला. "बाटली नही म्हनीसन औषध नही? दवाखाना काय तुन्हा बापना शे का, वं?" माय भाकरी थापता थापता हसली, कारण बाप तर समोरच बसलेला. तुम्ही नाही हसलात. "तुन्हा बापना नही. तिना शे," म्हणालात, आणि खरकट्या हाताने, अनवाणी धावलात.

नाल्यापाशी गाठलंत तिला. पोरीला तुम्ही उचलून आणताय, मागून ती घाबरत येतेय. पोरगी कडू औषध थुंकते, तुम्ही पुन्हा चमचा भरता, गुळाचा खडा दाखवता. तीन दिवस दोघी आपल्या ओट्यावर राहिल्या. चौथ्या दिवशी पोरीने आमच्या मायकडे भाकरी मागितली तेव्हा तुम्ही तोंड फिरवून डोळे पुसलेत.

जाताना औषध तुंबडीतच दिलंत, मापाला घरातला चमचा. आणि त्या बाईपुढे हात जोडलेत. "एक बाटली धुईसन ठेवाले पाहिजे व्हती. मी इसरनू. चूक मन्ही शे."

तुम्ही विसरला नव्हतात, नाना. धुतलेली बाटली तुम्ही रोज खिडकीत ठेवायचात, अशाच कुणासाठी. ती मी उचलली होती, कातरलेले तुकडे भरायला. मी त्या बाईला "बाटली आण" म्हणाले तेव्हा तुमची बाटली माझ्या दप्तरात होती. तुम्ही होतात तोवर तोंड उघडलं नाही. आता पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून धीर झाला.